उंदरांत आणि एका माणसात

वेंकट, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अड्यारच्या रुग्णालयात तू गेलास. कारण न्यूमोनिया. प्रोस्टेटचा कर्करोग शेवटच्या तपासणीत होता तिथेच होता, वाढलेला नव्हता. तुझ्या मुलीने फोनवर एवढं सांगितलं आणि मी सवयीने तिला विचारलं, "न्यूमोनियाच ना? डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय?" ती हो म्हणाली. तिला राग आला नाही. तुझ्या घरात वाढलेली मुलगी आहे.

तुझ्या पदव्या, तुझं कॉलेज, तुझे विद्यार्थी हे सगळं पेपरात येऊन गेलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. तू माझ्यावर एक काम सोपवलं होतंस, ते करतो आहे. "निकाल कांहीही येवो, लिही," तू म्हणाला होतास. "आणि या खेपेस मथळ्यांत नुसते उंदीर घालूं नको. एका माणसांत, असें लिही."

आपली ओळख उंदरांवरून झाली. मी सोलापूरहून बदलून वृत्तसंस्थेच्या चेन्नई कार्यालयात आलो होतो आणि कुणीतरी सांगितलं की एका कॉलेजात एक राव आहेत, मराठी बोलतात, वनस्पतींच्या अर्कावर काम करतात. तुझी मराठी तंजावरची. पहिल्या दिवशी मला जुनी बखर कुणीतरी मोठ्याने वाचत असल्यासारखं वाटलं. तू मला पाण्याचा गोल हौद दाखवलास. नर उंदरांची वृषणं काढली की त्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं, आणि मग त्यांच्यातले पुष्कळ जण हौदात पाण्याखाली लपवलेला ओटा कुठे होता ते विसरू लागतात. भिंतींवर रंगीत खुणा लावलेल्या असतात. शाबूत उंदीर त्या खुणा बघून वाट धरतो. विसरलेला उंदीर गोल गोल पोहत राहतो. ज्यांना वल्लारैचा अर्क दिला, त्यांना ओटा जरा लवकर सापडत होता. वल्लारै म्हणजे मंडूकपर्णी. मैलापूरच्या बाजारात जुडीने मिळते आणि तुमच्या घरी तिची चटणी होते. विशेष हे, की अर्काने उंदरांचं हार्मोन वाढलेलं नव्हतं. ते तळालाच होतं, तरी वाट सापडत होती. तुझी नोकरीतली उरलेली वर्षं याच एका गोष्टीमागे गेली.

मी बातमी दिली. डेस्कने मथळ्यातून "उंदरांत" हा शब्द जागेअभावी काढला. सकाळी तुझा फोन. आवाज चढलेला नव्हता.

"रिपोर्टर, तुमच्या मथळ्यानें माझे उंदीर कोठें नेले?"

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली. त्या शनिवारी तू मला घरी टिफिनला बोलावलंस आणि अंबुजावहिनींशी ओळख करून देताना म्हणालास, "चूक छापतात, पण दुरुस्तीही छापतात. आमच्या खात्यांत एवढेंही करीत नाहींत." वहिनींनी मला विचारलं, "अण्णा, डोसा दोन कीं तीन?" तेव्हापासून शनिवार ठरून गेला.

तुझ्या प्रयोगशाळेचे तीन नियम मला पाठ झाले, कारण ते आमच्याही धंद्याला लागू पडतात असं तुझं मत होतं. औषध देणाऱ्याला ते काय आहे हे माहीत असता कामा नये. उंदराकडे पाहणाऱ्यालाही माहीत असता कामा नये. आणि ज्याला माहीत आहे, त्याने त्या खोलीत यायचं नाही. तिसरा नियम मला तेव्हा जास्त कडक वाटला होता. नुसतं खोलीत आलं तर काय बिघडतं, मी विचारलं.

"तो मदत करतो," तू म्हणालास. "लबाडी नव्हे. उंदीर जरा हळू सोडतो. दार जरा बेतानें लावतो. त्यासही कळत नाही. म्हणून बाहेर."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तुला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू झालं. त्याचं काम एकच: शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बंद करणं, कारण त्यावर हा कर्करोग पोसतो. पहिलं इंजेक्शन घेऊन तू परत आलास तेव्हा मी तुमच्या ओसरीवर बसलो होतो. तू चप्पल काढलीस, खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "आतां उंदराची बाजू ऐकूं." मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

त्या हसल्या नंतर, मार्गळीत, म्हणजे डिसेंबरातल्या गाण्यांच्या महिन्यात. सभेत गाणं चाललं होतं, हवा थंड होती आणि तू अंगवस्त्राने मान पुसत होतास, शर्टाची बटणं सोडत होतास. इंजेक्शनाने तसं होतं. आतून वाफ येते. वहिनी तुझ्याकडे न बघता हसून म्हणाल्या, "मज पन्नाशींत असें होत होतें, तेव्हां तुम्ही उठून पंखा बंद करीत होतां. म्हणत होतां, पाऊस पडतो आहे, पंखा कशास." पुढच्या रांगेतल्या दोन मामी वळून बघायला लागल्या. तू पुढचं पूर्ण गाणं मान खाली घालून ऐकलंस. घरी आल्यावर पंखा तू स्वतः लावलास आणि वहिनींच्या बाजूला वळवलास.

मग ती दुसरी गोष्ट सुरू झाली. पहिल्यांदा नावं गेली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. नंतर एका दुपारी तू बीच स्टेशनाकडून लोकल गाडीने येऊन मैलापूरच्या स्टेशनाबाहेर पडलास आणि घर कुठल्या बाजूला ते तुला आठवेना. ज्या गल्लीत तुझं लग्न झालं ती गल्ली. तू देवळाच्या तळ्याच्या कठड्याला टेकून उभा राहिलास. एका फुलवालीने तुला ओळखलं आणि घरी पाठवलं. हे तू मला स्वतः सांगितलंस, सगळा तपशील नीट लावून, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. शेवटी म्हणालास, "गोल गोल. अगदी तसेंच."

तू म्हणत होतास की हे इंजेक्शनामुळे. डॉक्टर म्हणत होत्या की असेल. वयामुळेही असेल, भीतीमुळेही असेल, एका रुग्णात वेगळं काढून दाखवता येणार नाही. तुला ते उत्तर पटलं होतं, आणि त्याच कारणाने ते तुला सहन होत नव्हतं. त्या शनिवारी तू जाहीर केलंस की यापुढे सुई घ्यायची नाही. "जातां जातां हें घर ओळखून जाईन," एवढंच म्हणालास.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"आणि मी? मज विचारलें?"

"तुझें नांव विसरूं लागलों तर?"

"मी सांगेन कीं. जवळच आहें. कोठें जातें?"

तू माझ्याकडे वळलास आणि वल्लारैचं बोलायला लागलास. अर्क हार्मोन वाढवत नाही, म्हणजे कर्करोगाला खाद्य मिळत नाही, आणि वाट मात्र सापडते. सुईही घेता येईल, घरही राहील.

मी म्हणालो, "उंदरांत."

इतकी वर्षं तो शब्द तू मला ऐकवत आला होतास. बातमीदार म्हणून तो उच्चारणं माझं कामच होतं, आणि मित्र म्हणून त्या क्षणी तो बरोबर होता की नाही हे आपण पुढे कधीच बोललो नाही. तू मला उलट एवढंच विचारलंस, "मग काय करायचें, रिपोर्टर? दुसरा स्रोत कोठून आणूं?"

दुसरा स्रोत म्हणून आपण तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हो म्हणत नाही. अशी झाडपाल्याची औषधं माझे रुग्ण लपून घेतात आणि त्यातल्या काहींनी हार्मोन वाढू शकतं, म्हणून मी सरसकट नको म्हणते. तुम्ही निदान लपवत नाही. घेणारच असाल तर रक्त तपासत राहू. हार्मोन वर गेलं किंवा यकृत बिघडलं, की त्याच दिवशी बंद." तू मान डोलावलीस. बाहेर आल्यावर मला म्हणालास, "चांगली शास्त्रज्ञ झाली असती."

मग तुमच्या दोघांचा करार झाला, आणि मी साक्षीदार. दर शनिवारी तू स्टेशनापासून घरापर्यंत एकटा चालत यायचं. वाट सापडते आहे तोवर सुई चालू. लागोपाठ तीन शनिवार चुकलास, तर सुई बंद, आणि वहिनींनी मग त्यावर बोलायचं नाही. वहिनींनी हे ऐकून घेतलं आणि "सरी" म्हणाल्या. तमिळमधली ती सरी, म्हणजे ‘ठीक आहे’, मी तुमच्या घरी हजारदा ऐकली असेल. त्या दिवशीची वेगळी होती.

साधा अर्क घेऊन तू गप्प बसला असतास तर तो तू नव्हेस. दोन बाटल्या हव्यात, तू म्हणालास. एक काळ्या झाकणाची, एक पांढऱ्या झाकणाची. एकीत अर्क, दुसरीत नुसतं पाणी. काही महिने ही, मग काही महिने ती. कशात काय आहे हे फक्त वहिनींना ठाऊक. लिहून ठेवायचं नाही, "या घरांत जिची स्मृति शाबूत आहे तिच्या डोक्यांत राहूं दे." अर्क कुठल्या बाटलीत घालायचा हे वहिनींनी देवापुढे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. तू बाहेरून ओरडून मला म्हणालास, "देव निःपक्षपाती आहे असें धरून चालूं."

पहिल्याच सकाळी प्रयोग मोडला. तू काळ्या झाकणाच्या बाटलीतला एक घोट घेतलास, दुसऱ्या बाटलीतला एक घोट घेतलास, आणि एका क्षणात तुला कळलं की कशात काय आहे. वल्लारैला हिरवा, कडवट वास असतो. तो तर पोरालाही कळेल. आयुष्यभर तू आंधळे प्रयोग केलेस, तुझ्या विद्यार्थ्यांना झाकणाच्या रंगावरून झापलंस, आणि हे तुझ्या लक्षातच आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते वहिनींनी सांगितलं.

"उंदरांस तुम्ही नळीनें पोटांत घालतां. चव कोण विचारतो. तुम्हांस जीभ आहे, देवा."

तू इतका हसलास की खोकला लागला. पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होतास. वहिनींनी सुंठ, धणे आणि ताडगुळाचा सुक्कु-मल्ली काढा दोन्ही बाटल्यांना आधार म्हणून केला, इतका जहाल की त्यात एरंडेल घातलं असतं तरी समजलं नसतं. चिठ्ठ्या नव्याने टाकल्या. सुरुवात काळ्या झाकणापासून झाली.

शनिवारची पद्धत तू घालून दिलीस. मी तुझ्यामागे, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालायचं. बोलायचं नाही, हात करायचा नाही. माझी नजर तुझ्या पायांवर असली पाहिजे. वळणाकडे पाहायचं नाही, नाहीतर तू माझ्या नजरेच्या मागे जाशील. गाडीखाली यायला लागलास तरच धरायचं. आणि वहिनींनी, त्यांना माहीत असल्यामुळे, त्या वेळात घरात थांबायचं नाही. "देवळांत बस," तू म्हणालास. त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

मी बातमीदारीत बरंच काही बघितलं आहे आणि त्यात हस्तक्षेप केलेला नाही. तुझ्यामागे चालणं त्याहून कठीण होतं. स्टेशनापासून तळ्यापर्यंत तू ठीक जायचास. तळ्याच्या कडेने, भांड्यांच्या दुकानांवरून, देवळाभोवतीच्या माड वीथीपर्यंतही बहुधा ठीक. अवघड होतं ते शेवटचं वळण. तिथे केळीची पानं विकणाऱ्याचं दुकान आहे, आणि त्याला लागून तुमची गल्ली आत जाते. काळ्या झाकणाच्या दिवसांत कधी तू तिथे बरोबर वळायचास, कधी सरळ पुढे जायचास. पुढे गेलास की थोड्या वेळाने तुझे पाय मंद व्हायचे. मग थांबायचे. मला फक्त पाय दिसायचे, आणि पायांवरूनच कळायचं की वर चेहऱ्यावर काय चाललं असेल. बऱ्याच वेळाने तू हात वर करायचास, म्हणजे चाचणी संपली, आणि मी रस्ता ओलांडून यायचो. आपण घरी जाऊन कॉफी प्यायचो. वहिनी देवळातून येऊन तोंडाकडे बघायच्या. विचारायच्या नाहीत.

काळ्या झाकणाच्या शेवटच्या दोन शनिवारी तू लागोपाठ चुकलास. त्या दिवशी कॉफी पिताना तू म्हणालास, "आणखी एक." वहिनी आत निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात पांढरं झाकण सुरू झालं. त्या शनिवारी तू स्टेशनातून निघालास, तळं ओलांडलंस, पानवाल्याच्या दुकानापाशी आलास, आणि तुझे पाय वळले. न थांबता. पुढच्या शनिवारीही. त्याच्या पुढच्याही. तू जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढायला लागलास. सुया चालू राहिल्या. दर तपासणीत तुझं हार्मोन तळाला, कर्करोग जागेवर, यकृत ठीक. डॉक्टरांनी विचारलं, "सर, शनिवार कसे चाललेत?" आणि तू त्यांना शाळेतल्या मुलासारखा म्हणालास, "सगळे पास."

एकदा मी तुला विचारलं, वळण कसं ओळखतोस. विचार करून म्हणालास, "दुकानाचें आठवत नाहीं. तेथें निळें कांही दिसतें. निळें दिसलें कीं वळायचें." मला वाटलं, पानवाल्याचं ताडपत्रीचं छप्पर. उंदरांच्या हौदाला रंगीत खुणा असायच्या. तुझ्या बाबतीत तसंच झालं असेल. हे मी तुला म्हणालो, आणि तू ते मान्य केलंस की नुसता गप्प राहिलास, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.

त्या शनिवारांबद्दल मी तुझा आभारी आहे. वळल्यावर तू गल्लीच्या तोंडाशी थांबून माझी वाट पाहायचास आणि मी जवळ आलो की म्हणायचास, "रिपोर्टर, मागें कां राहतोस, वाट चुकशील." चेन्नईत इतकी वर्षं काढून मला या शहरात कुणी वाट पाहणारं होतं ते तिथे, त्या गल्लीच्या तोंडाशी.

मग ताप आला. मग अड्यार. दोन बाटल्यांचा संकेत, म्हणजे कशात काय होतं ते, उघडायचा राहून गेला.

तुझा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो. वहिनींनी कॉफी आणली आणि तुझ्या खुर्चीवर बसल्या. मी म्हणालो, संकेत उघडायला हवा, वेंकटने सांगून ठेवलं होतं.

"आधीं तुम्ही सांगा, अण्णा. पाहणाऱ्यानें आधीं सांगायचें."

बरोबर होतं. नियम तसाच होता. मी सांगितलं: काळ्या झाकणात वाट कधी सापडली, कधी नाही. पांढऱ्या झाकणात एकदाही चुकली नाही. म्हणजे माझ्या निरीक्षणाप्रमाणे अर्क पांढऱ्यात होता.

"अर्क काळ्यांत होता," वहिनी म्हणाल्या. "पांढऱ्यांत सुंठ, धणे, गूळ. दुसरें कांही नाही."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग पेला खाली ठेवला.

"मज ठाऊक होतें कीं, यांच्या पोटांत आतां औषध कांहीच जात नाहीं. दोन वेळ चुकले होते. तिसरी वेळ झाली असती तर सुई बंद. देवळांत बसवेना, अण्णा. उठलें आणि वळणावर जाऊन उभी राहिलें."

"त्याने बघितलं तुम्हाला?"

"मज काय ठाऊक. बोलत नव्हते. थांबत नव्हते. वळत होते."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारीं."

मी विचारलं, साडी कोणती नेसायचात. या प्रश्नाचं त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, एकच, निळी, दुरून दिसणारी. तुला रंग आवडायचा म्हणून.

वेंकट, तू लिही म्हणालास म्हणून लिहितो. तुझ्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हा प्रयोग बाद आहे. वल्लारैबद्दल यातून काही सांगता येत नाही, हो असंही नाही आणि नाही असंही नाही. उंदरांत जे दिसलं ते उंदरांत. एका माणसात काहीही सिद्ध झालेलं नाही.

तिथून निघून मी वळणावर गेलो आणि पानवाल्याला विचारलं. तो पानं पुसत होता. म्हणाला, "आमा सार, होय, निळ्या साडीतल्या अम्मा. दर शनिवारी यायच्या. पान कधी घेतलं नाही. सार आत वळले, की त्या देवळाकडे जायच्या."